शिकेकाईच्या वासाचं मैदान

मार्च संपता संपता नागपुरात एक दुपार अशी येते की रस्त्यावरची माणसं एकाएकी नाहीशी होतात. कालपर्यंत होती, आज नाहीत. कुणी दवंडी पिटलेली नसते, पण दुकानांच्या फळ्या अर्ध्यावर ओढलेल्या असतात, रिक्षावाला झाडाखाली रिक्षातच पाय वर घेऊन झोपलेला असतो आणि अंगणातल्या कडुनिंबाची पिवळी पानं फरशीवरून आपापली इकडून तिकडे जात असतात. सकाळीच कूलरवाला येऊन नव्या जाळ्या बसवून गेलेला असतो. त्यांच्यावर पहिलं पाणी पडलं की घरभर ओल्या लाकडाचा वास सुटतो. मला दिनदर्शिका बघावी लागत नाही. उन्हाळा आता मुक्कामाला आला, एवढं त्या वासावरून समजतं.

परवा ती दुपार आली आणि त्याच संध्याकाळी, ईशान, तू पाठवलेला फोटो आला. तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या शाळेचं फुटबॉलचं मैदान, त्यावरचं एकसारखं कापलेलं गवत, आणि कुंपणाशी एक जांभळा नळ. नळावर पाटी: हे पाणी पुन्हा वापरलेलं आहे, पिऊ नये. खाली तू लिहिलं होतंस, "आजी, आम्ही गटाराच्या पाण्यावर खेळतो. ई!" तुझ्या बहिणीने, मुक्ताने, त्याच्याखाली नाक मुरडलेला चेहरा चिकटवला होता.

मी ती पाटी दोनदा वाचली. जवळजवळ हीच वाक्यं मी एकदा पेंटरकडून लिहून घेतली होती, मराठीत, पांढऱ्यावर काळ्या रंगात. जांभळा नळ मात्र आमच्याकडे नव्हता. त्या पाण्याला नळच नव्हता. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा मध्ये मध्ये थांबून अर्थ सांगेल. तिला घाई करू देऊ नका.

मी तेव्हा मुलींच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे आणि खेळांची जबाबदारी माझ्याकडे होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मुलाखतीत मी विद्यार्थिदशेत बॅडमिंटन खेळल्याचं सांगितलं होतं, तेवढ्यावरून हॉकीच्या काठ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात आली. मी नियमांचं पुस्तक आणून वाचलं, शिट्टी विकत घेतली आणि कामाला लागले. मुलींना माझ्यापेक्षा खेळ जास्त कळत होता आणि मला त्यांच्यापेक्षा शिट्टी चांगली वाजवता येत होती, त्यामुळे आमचं बरं चाललं.

मैदान काळ्या मातीचं होतं. ही माती पावसाळ्यात पाय धरते आणि उन्हाळ्यात तोंड उघडते. तोंड म्हणजे खरोखरीचं तोंड: एप्रिलमध्ये भेगा इतक्या रुंद होत की चेंडू त्यांत जाऊन बसे आणि काठीच्या टोकाने उकरून काढावा लागे. इतर वर्षी नळाचं पाणी मारून मैदान कसंबसं जिवंत ठेवत. त्या वर्षी ते शक्य नव्हतं. सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आदल्या पावसाळ्याने पाठ फिरवली होती. नळाला पाणी दिवसाआड येऊ लागलं, तेही करंगळीएवढ्या धारेने. कन्हानच्या पात्रातून बैलगाड्या आडव्या जातात, असं लोक सांगत. ज्या गावात प्यायला पाणी पुरत नाही, तिथे गवताला पाणी मागायची कुणाची छाती होती? आम्ही मागितलंही नाही.

पण सिंधूला ते मैदान हवं होतं.

सिंधू आमच्या हॉकी संघाची कप्तान. सक्करदऱ्याकडच्या एका विणकर घरातली मुलगी; घरी बापाचे दोन माग, आई नाही, आजी आहे. अंगाने शिडशिडीत, डाव्या बाजूने खेळायची आणि पळताना वेणी तोंडात धरायची. त्या वेणीवरून मी तिला अनेकदा बोलले. तिचं लग्न ठरलं होतं, अक्षय तृतीयेला. वडिलांनी शिक्षण आणि खेळ दोन्ही लग्नापर्यंत चालू ठेवू दिलं होतं, फक्त बाहेरगावी खेळायला जायचं नाही, असं बजावलं होतं. त्यामुळे संघ इतर गावी जाई तेव्हा कप्तान असूनही सिंधू स्टेशनवर नुसता निरोप द्यायला येई. त्या वर्षी महाविद्यालयांमधला मोठा सामना आमच्या मैदानावर ठरला होता. म्हणजे पहिल्यांदाच तिला खऱ्या सामन्यात खेळता येणार होतं, आणि लग्नानंतरचं कुणी धरून चालत नव्हतं. मैदान खेळण्याजोगं नसेल तर सामना अमरावतीला हलवू, असं सामना भरवणाऱ्या मंडळींनी कळवलं. आणि अमरावतीला सिंधू जाणार नव्हती.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडली वगैरे नाही. कपाटाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, एक डाव खेळू द्या ना मले. एकच. मंग आयुष्यभर पोळ्या लाटतो, कोनाले काई म्हनत नाई."

मी म्हटलं, "मैदान माझ्या हातात आहे का?"

"मंग कोनाच्या हातात हाय?"

या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत वत्सलाबाईंकडून आलं. वत्सलाबाई रसायनशास्त्र शिकवत. कमी बोलत, आणि बोलल्या की समोरच्याला आपल्या हातून काहीतरी सांडलंय असं वाटे. मी मैदानाची रड सांगत होते. त्या चहाचा कप विसळून पालथा घालत म्हणाल्या, "वसतिगृहातल्या मुली रोज अंघोळ करतात. ते पाणी कुठे जातं?"

"नाल्यात," मी म्हटलं.

"का?"

पाणी आजवर नाल्यातच जात आलं होतं.

वसतिगृह उंचावर होतं, मैदान उतारावर, त्यामुळे पाण्याला ढकलावं लागणार नव्हतं. संडासाची वाट वेगळी होती. ती वेगळीच राहिली. न्हाणीघराचं आणि कपडे धुण्याच्या दगडाचं पाणी तेवढं वळवायचं होतं. मिस्त्री बोलावून उतारावर एकाखाली एक तीन हौद बांधून घेतले. पहिल्यात गाळ खाली बसे. दुसऱ्यात विटांचे तुकडे, कोळसा आणि वरून कन्हानची रेती. पाणी त्यातून झिरपून जाई. तिसरा हौद उघडा, उथळ, कडेने कर्दळ आणि धोपा लावलेला. धोपा म्हणजे अळू. नागपूरकडे त्याला अळू म्हणणारा माणूस पुण्याहून बदलून आलेला असतो. घरोघरी न्हाणीच्या पाण्यावर तो लावतातच, आम्हीही लावला.

तिसऱ्या हौदातून पुढे झिबल. झिबल आमचा माळी, हाडकुळा, मिशाळ आणि सतत बोलणारा. संध्याकाळी धोतर गुडघ्यावर घेऊन तो फावड्याने मातीचे बांध फोडून दारं करत आणि ती बुजवत ओलीत करी. एका पाटातलं पाणी दुसऱ्या पाटात असं काही वळवी की ते त्याने शिकवल्यासारखं चाले. मी त्याला विचारलं होतं, हे पाणी चालेल ना? तो म्हणाला, "पानी पानीच होय बाई. गवताले नाक थोडीच रायते."

पहिले काही दिवस मैदानावर काही दिसलंच नाही. पाणी पाटातून येई आणि भेगांत उतरून नाहीसं होई. कान लावला तर खाली खोल गुळगुळ आवाज येई. मग एके दिवशी भेगांच्या कडा मऊ झाल्या, मग मिटल्या. आणि एका सकाळी गोलच्या खांबापाशी हरळीचं एक टोक दिसलं, सुईएवढं. हरळी मरत नाही, वाट बघत बसते. इतक्या वर्षांत बागकामातलं मला नीट कळलेलं तेवढं एकच. आठ-पंधरा दिवसांत गावात सगळीकडे माती करपलेली आणि आमच्या कुंपणाच्या आत हिरवा चौकोन, असं झालं. माणसं रस्त्यावरून जाताना सायकल हळू करत. सामना भरवणारी मंडळी येऊन, बुटाच्या टाचेने माती दाबून बघून गेली आणि सामना आमच्याकडेच राहिला. सिंधूने त्या दिवशी सरावात वेणी तोंडात धरली नाही, कारण ती सबंध वेळ हसत होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. वत्सलाबाईंनी वसतिगृहात धुण्याच्या सोड्याला बंदी घातली. सोड्याने काळी माती दगड होते आणि पाणी वरच्या वर थोपवते, असं त्यांनी मुलींना फळ्यावर लिहून समजावलं. अंगाला साबण बेताचा, कपड्यांना रिठा, केसांना शिकेकाई. मुली कुरकुरल्या. "बाईनं आमच्या डोक्यावर शेती लावली," असं एक जण जिन्यात म्हणाली, ते मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. रविवारी सगळ्या वसतिगृहाचं डोक्यावरून न्हाणं होई. त्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेने चालले की शिकेकाईचा वास येई. ओल्या मातीचा वास वेगळा. त्याच्या खालून, सुकत घातलेल्या केसांजवळून जावं तसा हा येई. वत्सलाबाई म्हणत, शक्य नाही, कोळसा वास धरून ठेवतो. असेल. मी शास्त्राशी वाद घालत नाही. पण अजूनही कुणी शिकेकाई उकळत ठेवली की मला आधी हिरवं मैदान दिसतं, नंतर केस.

आता या वयात मी कशाकडेही फार जवळ जाऊन बघत नाही. लांबून बघितलं की बरंचसं सारखं दिसतं. आपण वापरलेलं पाणी डोळ्यांआड झालं की ते आपलं नव्हतंच, असं माणूस समजतो. मोरीच्या तोंडाशी आपलं राज्य संपतं. पलीकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाचं. सगळं व्यवस्थित चाललं होतं तोवर आमच्या मैदानाकडे बघणाऱ्या कुणीही हे पाणी कुठलं, असं विचारलं नाही. हिरवं होतं, एवढं त्यांना पुरलं. आम्हीही आपणहून सांगितलं नाही. ते सांगायचं काम धुळवडीने केलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी वसतिगृहात मुली रंग खेळल्या. तो रंग उतरवायला दुपारभर न्हाणीघर चालू होतं. गाळ बसला, रेतीतून पाणी झिरपलं, पण रंग काही अडला नाही. संध्याकाळी झिबलने नेहमीसारखे बांध फोडले. सकाळी मी फाटकातून आत आले तेव्हा मैदानावर गुलाबी ढग उतरल्यासारखे डाग होते. फक्कीच्या रेघा तर लांबून दिसतील अशा गुलाबी झाल्या होत्या. रस्त्यावर माणसं थांबली होती. एक सायकलवाला कुंपणावर हात ठेवून ओरडला, "काय गा झिबल, मैदानाचं लगन होय का?"

आणि झिबलने, ज्याला आपल्या कामाचा अभिमान होता, मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. न्हाणीघर, तीन हौद, कोळसा, रेती. "पोरीच्या आंघोयीचं पानी होय ना गा हे! धुयवड खेयल्या न त्या!" सायकलवाला हसत हसत निघून गेला. वत्सलाबाई आल्या, त्यांनी गुलाबी रेघेकडे पाहिलं, ओठ मिटले आणि हौदाच्या तोंडाशी दगड लावून पाणी नाल्याकडे सोडलं. रंग धुऊन निघेपर्यंत ते तसंच राहिलं. त्या पुढे म्हणाल्या, "सणांचा विचार करायला हवा होता." एवढंच. मैदानाचे डाग उन्हाने काही दिवसांत खाऊन टाकले. बातमी मात्र त्याच संध्याकाळी सक्करदऱ्याला पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सिंधू सरावाला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिच्याऐवजी तिची आजी आली.

दुपारची वेळ होती, ऊन उभं होतं. म्हातारी ठेंगणी, काटक, काळ्या काठाच्या नऊवारीत. पदर डोक्यावरून घेतलेला आणि ऊन लागू नये म्हणून पदराच्या टोकाला कांदा बांधलेला. मी तिला सावलीत बसा म्हटलं. ती बसली नाही. तिने चपलाही काढल्या नाहीत. चपला देवळात काढतात. पाय टेकवायची शिसारी येते तिथे काढत नाहीत.

"सिंधीची मास्तरीन तूच काय?"

"हो. मी तिला खेळायला..."

"मोरीच्या पान्यावर खेयते म्हने माही नात."

मी वत्सलाबाईंना बोलावून आणलं. वत्सलाबाईंनी गाळ, कोळसा, रेती असं सगळं सांगितलं, वर्गात सांगत तसंच. म्हातारीने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या चौथ्या दिवशीच्या पोरी रायते. त्याईच्या न्हान्याचंही पानी याच्यातच?"

तिथे माळी होता, एक कारकून उभा होता. मी खाली पाहिलं. वत्सलाबाई म्हणाल्या, "हो. त्यांचंही."

म्हातारी उतारावरून हौदांकडे चालू लागली. आम्ही मागून. तिसऱ्या हौदाशी ती थांबली. धोपा त्या दिवसांत हातभर पानांचा झाला होता, काळ्या देठाचा, वडीला हवा तसा. तिने वाकून एक पान उलटंपालटं करून पाहिलं. जाणकार हात होता.

"धोपा त झकास आला वं. खाता का तुमी याच्या वड्या?"

मला उत्तर माहीत होतं. म्हणजे, सामना वाचवणारं उत्तर मला माहीत होतं: हो, खातो, या ना एकदा. मी तोंड उघडत होते. वत्सलाबाई त्याआधीच म्हणाल्या, "नाही. मी खात नाही आणि कुणाला खाऊ देत नाही."

मला वाटलं, संपलं.

म्हातारी सरळ उभी राहिली. "तुमी सोता खात नाई. मंग माह्या नातीले काहून लोयवून राहिल्या त्याच्यात?"

"लोळवत नाही, पळवते. गवत खायचं नसतं, आजी." वत्सलाबाईंचा आवाज जराही चढला नाही. "पाणी गवतापुरतं चांगलं आहे. पोटापुरतं नाही. मैदानाच्या कडेचं ते पिंप बघा. खेळ झाला की मुली तिथे स्वच्छ पाण्याने हातपाय धुतात, मगच तोंडाला हात लावतात. पाटीवर लिहिलंय. सिंधूने ते केलं नाही तर तिला मीच मैदानात उतरू देणार नाही. तुम्ही कितीही सांगितलंत तरी."

म्हातारीने त्या पाटीकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी पुष्कळ वेळ पाहिलं. मग वत्सलाबाईंकडे वळून म्हणाली, "सोवयं पायते म्हन की तू बी."

"पाळते," वत्सलाबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत."

"लगन झालं नाई वाटते तुयं."

"नाही झालं."

"मले वाटलंच," म्हातारी म्हणाली, आणि वत्सलाबाई हसल्या. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

मग म्हातारीने आपला निकाल सांगितला. नुसतं हातपाय धुऊन तिचं भागणार नव्हतं. पोरगी खेळून आली की दारातल्या दगडावर बसून डोक्यावरून पाणी घेईल, खेळाचे कपडे बाहेरच पिळून वाळत घालील आणि मगच उंबरा ओलांडील. रोज. लग्नाच्या घरात देव बसायचे आहेत, तिथे उगीच काही चालायचं नाही.

मी व्यवहाराचं विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं. "रोज डोक्यावरून अंघोळ? पाणी दिवसाआड येतंय, आजी."

"ते मी पाहीन ना," ती म्हणाली. "तुमी पोरगी पाहा."

जाताना तिने झिबलला विचारलं, "तू खातं का रे धोपा?" झिबलने माझ्याकडे पाहिलं, वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि त्याला एकदम कुठलं तरी फावडं आठवलं.

सिंधू परत आली. पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत, वासांनी आणि आवाजांनी आठवतात. चेंडूवर काठी बसल्याचा कोरडा टक्. पन्ह्यातली विलायची. कुंपणापलीकडे बर्फाच्या गोळेवाल्याची घंटी. उन्हाने तापलेल्या गोलच्या खांबाला चुकून हात लागला की "अवं मायऽ" अशी किंकाळी. संध्याकाळी पाटात पाणी सोडलं की साळुंक्या कुठून कुठून येऊन ओळीने बसत, जणू त्यांना वेळापत्रक दिलेलं होतं. मला वेळापत्रक पाळणारा कोणताही प्राणी आवडतो.

एकदा सराव संपल्यावर सिंधू पिंपाशी हात धुत होती. मी सहज विचारलं, घरी पाणी पुरतं का? ती म्हणाली, "आजीनं आपली आंघोय सोडली न मॅडम. ओल्या फडक्यानं अंग पुसते फक्त. तिच्या वाट्याचा गुंड माह्यासाठी झाकून ठेवते. बोललं त म्हनते, म्हाताऱ्या मानसाले घाम नाई येत."

गुंड म्हणजे पाण्याचा पितळी हंडा. ज्या बाईने विटाळाच्या शंकेपायी भर उन्हात सक्करदऱ्याहून चालत येऊन आम्हाला जाब विचारला होता, ती नातीच्या सोवळ्यासाठी स्वतः पारोशी राहत होती.

सामन्याच्या दिवशी कुंपणाला माणसं लागली होती. आमच्या मुलींनी निळ्या स्कर्टखाली पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढले होते. सिंधूची आजी आत आली नाही; रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभी राहिली, मैदानाकडे अर्धी पाठ करून, म्हणजे आपण दुसऱ्याच कामाने थांबलोय असं वाटावं. अमरावतीच्या मुली दणकट होत्या आणि त्यांनी लवकर एक गोल केला. उत्तरार्धात शेवटी शेवटी सिंधूला डाव्या बाजूने मोकळी वाट मिळाली. पुढे कुणी नव्हतं, गोलरक्षक पार पलीकडे. वेणी तोंडात. ती पळाली, मी शिट्टी दातांत धरून उभी होते, आणि गोलच्या अलीकडे चेंडू थांबला. नुसता थांबला, कुणी धरून ठेवावा तसा. सिंधू वेगात पुढे गेली, पाय रुतला आणि ती लांबच लांब घसरून काळ्या चिखलात पालथी पडली. मागून आलेल्या मुलीने चेंडू काढून नेला.

आम्ही एका गोलाने हरलो.

सामना संपल्यावर मी तो भाग बघायला गेले. इतर मैदान बेताचं ओलं होतं. ती डावी कड तेवढी लोण्यासारखी मऊ होती. झिबल जवळ येऊन उभा राहिला आणि फावड्याचं टोक अंगठ्याने पुसत राहिला. "पोरीची बाजू होय न ती," तो म्हणाला. "पडली बिडली त लागाले नको, म्हनून मी काल तिकडं दोन दारं जास्ती सोडली, बाई. लगनाची पोरगी हाय."

त्याला काय बोलायचं? मायेनेच भरलेलं पाणी होतं ते. माती काळी होती, एवढंच.

सिंधू चिखलाने माखून उभी होती, कपाळापासून मोज्यांपर्यंत, केसांत हरळीच्या काड्या. मला वाटलं ती रडत असेल. जवळ गेले तर ती हसत होती. "मॅडम, झिबलकाकाले काई नोका म्हनू. पन पायलं ना तुमी? सगळ्याइले मागं टाकलं होतं मी!" मग ती पिंपाशी गेली नाही. हातपाय धुण्याच्या पलीकडचं काम होतं ते. तशीच रस्ता ओलांडून चिंचेखाली गेली. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिवू नये म्हणून दोन हात लांब सरकली. मग दोघी त्याच अंतराने घराकडे चालू लागल्या. वळणापर्यंत मला दिसत होतं: म्हातारी पुढे, सिंधू मागे, आणि म्हातारी दर थोड्या वेळाने मान वळवून काहीतरी विचारत होती आणि सिंधू हात हवेत फिरवून, चेंडू कसा काढला ते दाखवत होती.

आमची ती व्यवस्था पुढे पुष्कळ वर्षं चालली. ऐंशीच्या दशकात वसतिगृहावर आणखी मजले चढले, सोडा आणि निळी पावडर परत आली, वत्सलाबाई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या आणि हौद कुणीतरी बुजवले. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. मला त्याचं विशेष वाईट वाटत नाही. मैदानं येतात आणि जातात. सिंधू लग्न होऊन राजनांदगावला गेली. तिथे हॉकी खेळतात, असं मी ऐकून होते. ती खेळली की नाही, ते मला कळलं नाही. ईशान, तुमच्या त्या जांभळ्या नळाचं पाणी किती हौदांमधून येतं, ते एकदा शाळेत विचार. आणि तिथेही कुणीतरी पहिल्यांदा "का?" म्हणालं असेल, त्या बाईंचं नाव कुणाला माहीत आहे का, तेही विचार.

लग्नाला मी गेले होते. अक्षय तृतीया, ऊन पांढरं झालेलं. माग भिंतीशी सरकवून ठेवले होते आणि मांडव दारातच घातला होता. गणपतीपूजनाची तयारी चालली होती. सिंधूचे वडील घामाघूम होऊन आत आले. सकाळपासून दूर्वा शोधत पार गांधीबागेपर्यंत जाऊन आले होते. फुलवाल्यांकडे झेंडू होता, शेवंती होती, दूर्वा नव्हत्या. सगळ्या गावातलं गवत जळून गेलं होतं. भटजी म्हणाले, नसतील तर अक्षता वाहू, चालतं.

"काहून चालते?" म्हातारी आतून म्हणाली. तिच्या हातात ताटली होती. ताटलीत दूर्वांच्या जुड्या, तीन पात्यांच्या, हिरव्यागार, पाण्याचे थेंब अजून अंगावर असलेल्या.

मी बसले होते तिथून दारातला न्हाण्याचा दगड दिसत होता. दगडाच्या उतरत्या अंगाला, जिथून पाणी वाहून जातं तिथे, पंज्याएवढा हिरवा तुकडा होता. बाकी अंगण भाजलेल्या विटेसारखं. हरळी, म्हणजे दूर्वाच, नुकती कुणीतरी खुडलेली. सिंधूच्या रोजच्या त्या कपड्यांतून, बुटांतून, केसांतून मैदानावरची एखादी काडी तिथे पडली असेल आणि रोज गुंडभर पाणी तिच्या अंगावरून गेलं असेल.

म्हातारीने मला तिकडे बघताना पाहिलं. केस ओले होते तिचे. त्या दिवशी तिनेही डोक्यावरून पाणी घेतलेलं दिसत होतं.

"काय पाहून राहिल्या बाई?" ती म्हणाली. "धुऊन घेतली मी."

आणि तिने ताटली गणपतीपुढे ठेवली.